मागून येणारा आवाज

जुनी मोटार बाळगणे हे घरातल्या वृद्ध माणसाला सांभाळण्यासारखे आहे. काहीतरी दुखते आहे एवढे कळते. नेमके कोठे, ते आपण शोधायचे. वडिलांनी घेतलेली १९८४ सालची अँबॅसडर आमच्याकडे अजून आहे. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण आमची मात्र चालते. तिच्या मागच्या चाकांनी मला जो धडा दिला, तो विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच. मी वर्गात पदार्थविज्ञान शिकवतो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण माझी चूक त्यामुळे अधिकच लाजिरवाणी ठरते.

प्रथम रचना पाहू. अँबॅसडरचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे. तो दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांच्या कमानींवर बसवलेला असतो. एकावर एक रचलेले पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने जखडतात. त्या बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतील भोकात बसते आणि अ‍ॅक्सलची जागा ठरवते. मग यू-बोल्ट सगळे घट्ट आवळून धरतात. कमानीचे पुढचे टोक रबरी बुश घालून गाडीच्या अंगाला पक्के केलेले असते. मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला अडकवतात. कारण वजन पडून कमान सपाट होऊ लागली की तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा हवी असते.

म्हणजे कमान दोन कामे करते. ती वजन पेलते आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर वजन पेलत नाही. कमानीत साठलेली ऊर्जा तेलाच्या घर्षणाने उष्णतेत बदलणे व आंदोलन लवकर थांबवणे, एवढेच त्याचे काम. हा भेद मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावतो आणि स्वतःच्या गाडीपाशी नेमका विसरलो.

झाले असे. एका उन्हाळ्यात मी पाटे उतरवून त्यांना पुन्हा कमान भरून घेतली. काम करणाऱ्या मिस्त्रींनी बजावले होते, "सर, चार-पाचशे किलोमीटर झाले की या, यू-बोल्ट परत आवळायला पाहिजेत." मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असे म्हणता म्हणता पावसाळा आला. तोवर मागून 'खट्' असा आवाज येऊ लागला होता: गाडी निघताना एकदा, ब्रेक दाबताना एकदा. आवाज मागून येतो म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले, असा निकाल मी स्वतःच दिला आणि दोन्ही नवे बसवून घेतले. आवाज तसाच राहिला.

पुढे आईला घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला निघालो. रस्ता ओला, उतार, वळणे. एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि गाडीचे शेपूट डावीकडे सरकले. नाक उजवीकडे वळले, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला. त्या क्षणी समोरून कोणी आले नाही, एवढेच आमचे भाग्य. गाडी कडेला घेतली. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "हळू चालव रे बाबा." मी गाडी हळूच चालवत होतो, हे तिला सांगण्याचे मला धैर्य झाले नाही. तिला दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवले आणि गाडी ओढून बेळगावला परत आणली.

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. पुढची चाके सरळ करून, टेप घेऊन त्यांनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. उजवीकडे ते ठरल्याप्रमाणे ९७ इंच भरले. डावीकडे सव्वा इंच जास्त. "तिरकी चालाय लागल्या की गाडी! शॉकअप बदलायला कोण सांगितलं तुम्हाला?" मी गप्प. मग ते कानडीत म्हणाले, "मोदल नोड्री, आम्याल बिच्च्री." आधी पाहा, मग खोला. तपासाचे सगळे शास्त्र या चार शब्दांत आले.

यू-बोल्ट सैल पडल्यामुळे अ‍ॅक्सल जागेवर धरण्याचा सारा भार एकट्या सेंटर बोल्टवर आला होता, आणि तो तुटला होता. निघताना डावे टोक पुढे सरके, ब्रेक दाबताना मागे. तोच तो 'खट्'. अ‍ॅक्सल तिरका झाला की मागची चाके स्वतःच गाडीला दिशा देऊ लागतात. दोष माझ्या आळसाचा होता.

आता तपासाचा क्रम सांगतो. गाडी सपाट जागी, डिकी रिकामी, हवा दोन्ही बाजूंना सारखी. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर डावीकडे-उजवीकडे मोजा. एक बाजू खाली असेल तर पाटा बसला किंवा तुटला असण्याचा संभव आहे. पण अँबॅसडरच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार असतात, आणि पुढचा दोषही मागे झुकाव दाखवतो. म्हणून पुढचा भाग मधोमध एकाच जॅकवर उचलून पाहा: झुकाव नाहीसा झाला तर दोष पुढचा, राहिला तर मागचा.

नंतर गाडीचा एकेक मागचा कोपरा जोराने दाबून सोडा. तो वर येऊन लगेच स्थिर व्हावा. डोलत राहिला तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी. मात्र गंजलेल्या पाट्यांचे आपसांतले घर्षणही आंदोलन दाबते, त्यामुळे मेलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठणठणीत वाटू शकतो. म्हणून त्याच्या अंगावर तेल ओघळले आहे का, तेही पाहावे.

आवाजाची भाषाही शिकावी. हळू चालताना कुरकुर: कोरडे पाटे किंवा झिजलेले बुश. बारीक खड्ड्यांवर सतत खडखड: शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टोकांची रबरे. मोठ्या खड्ड्यात धाडकन दणका: कमान सपाट होऊन अ‍ॅक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटतो. निघताना-थांबताना 'खट्': यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश; मात्र प्रोपेलर शाफ्टचा सांधाही असाच बोलतो, म्हणून माप घेतल्याशिवाय निकाल देऊ नये.

दोन सूचना प्राणाच्या आहेत. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागचा भाग उचलला की तो निरुपयोगी होतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. मजबूत घोड्या लावा.

दुरुस्तीत तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये. उष्णतेने पोलादाचे पाणी जाते. कमानी जोडीने बदलाव्यात. रबरी बुशाचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर कायम पीळ खाऊन लवकर फाटते. आणि यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. ही शेवटची ओळ मी माझ्या पैशाने आणि आईच्या जिवाच्या धोक्याने शिकलो.

असो. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा चोर्ल्याने गेलो. निघण्यापूर्वी मी दोन्ही बाजूंनी टेप लावून पाहिली. आईने विचारले, "काय मोजतोस?" मी म्हटले, "९७ इंच." ती मागच्या सीटवर बसली आणि घाट संपेपर्यंत निर्धास्त झोपली.