शर्यतीची मोटार आणि तिची पूर्वपरीक्षा

तळोद्याहून धडगावकडे जाणाऱ्या चांदसैली घाटातून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांस तापलेल्या ब्रेकचा वास निराळा वर्णन करून सांगावयास नको. सातपुड्याच्या त्या वळणांवरून माणसांनी भरलेली जीप उतरविताना जाणता चालक आपल्या पायावर फारसा भरवसा ठेवीत नाही. ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात तो उतरावा, असा त्यांचा परिपाठ आहे. इंजिनच मग गाडीस मागे ओढून धरते. सारखा ब्रेक दाबीत राहिल्यास तो तापतो, आणि नेमका गरजेच्या क्षणी दगा देतो.

आता वाचकांनी अशी कल्पना करावी, की एका मोटारीच्या मागील चाकांचा नेहमीचा ब्रेक मुळीच काढून टाकला आहे, आणि तीच मोटार ताशी 320 किलोमीटरपर्यंत पळेल अशी योजना आहे. ही कल्पना आमची नव्हे. विजेच्या मोटारींची जी जागतिक शर्यत ‘फॉर्म्युला ई’ या नावाने प्रसिद्ध आहे, तिच्या नियमकर्त्यांनी 2022-23 च्या हंगामासाठी नेमकी अशीच मोटार नेमून दिली. आणि ती तयार करून पळविणाऱ्यांत आपल्या मुंबईची महिंद्रा कंपनी होती. विलीज जीपच्या जुळणीपासून जिचा मोटारींचा व्यवसाय सुरू झाला, तीच ही कंपनी.

हा नियम ऐकून प्रथमदर्शनी नियमकर्त्यांच्या बुद्धीविषयी शंका येते. परंतु त्यामागील शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. सायकलचा डायनमो चाकास टेकविला की पायडल जड होते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दिवा लागतो तो आपल्या पायांच्या जोरावर. विजेच्या मोटारीचे यंत्रही असेच उलट चालविता येते: वेग देताना ते मोटर, आणि वेग आवरताना डायनमो. चाकांचा वेग शोषून त्याची वीज होते व ती बॅटरीत परत जाते. 2014 साली बीजिंग येथे या शर्यतींचा आरंभ झाला, तेव्हा एक बॅटरी शर्यतभर पुरत नसे, म्हणून प्रत्येक चालकास अर्ध्या वाटेत दुसऱ्या मोटारीत उडी घ्यावी लागे. 2018-19 पासून मोठी बॅटरी आली व हा खेळखंडोबा संपला. नंतरच्या, तिसऱ्या पिढीच्या मोटारीस पुढे 250 आणि मागे 350 मिळून 600 किलोवॉटपर्यंत वीज परत मिळविण्याची शक्ती देण्यात आली. शर्यतीत खर्चावयाच्या ऊर्जेपैकी निदान चाळीस टक्के ऊर्जा ब्रेक लावूनच मिळवावी, असा हिशेब होता. यंत्रच एवढे रोधन करणार, तर मागील ब्रेकचे ओझे कशास वाहावे, हा नियमकर्त्यांचा विचार. घाटातील चालकाचेच तत्त्व त्यांनी टोकास नेले म्हणावयाचे! भेद एवढाच, की घाटातील चालकास इंजिनाखेरीज पायाखालचा ब्रेकही असतो. येथे विजेचा व्यवहार क्षणभर बिघडला, की मागील चाके निराधार.

हंगामापूर्वी मोटारींची जी पूर्वपरीक्षा होते, तिचे महत्त्व येथे आहे. डिसेंबर 2022 मध्ये स्पेनमधील वालेन्सिया येथे सर्व संघ एकत्र जमले. तत्पूर्वी आणि तेथेही या नव्या मोटारीचे ब्रेक ऐन वेगात गेल्याचे प्रसंग घडले, आणि शेवटी मागील चाकांना आणीबाणीचा निराळा ब्रेक बसविण्याचा नियम करावा लागला. कागदावर जे शहाणपणाचे वाटले होते, ते चाक फिरल्यावर अपुरे ठरले.

परंतु परीक्षेत सर्वच दोष उघड होतात असे नाही, आणि महिंद्रांच्या वाट्यास आलेला प्रसंग हा त्या जातीचा होता. या मोटारीचा सांगाडा, बॅटरी व पुढील यंत्र सर्वांना एकसारखे दिलेले असते. मागील भाग मात्र प्रत्येक कारखानदाराने स्वतः घडवावयाचा. मागील चाकांचे सस्पेन्शन, म्हणजे जीपमध्ये जे काम पाटे व स्प्रिंगा करतात ती रचना, याच भागात मोडते. महिंद्रांनी आपली मोटार घडविली, आणि 14 जानेवारी 2023 रोजी मेक्सिको येथील पहिल्याच शर्यतीत लुकास दि ग्रासी हा त्यांचा चालक सर्वांच्या पुढून निघून तिसरा आला. 11 फेब्रुवारीस हैदराबाद येथे, म्हणजे कंपनीच्या मायदेशात, शर्यत झाली. त्यानंतर पंधराच दिवसांनी केपटाऊनची. तेथील मार्ग शहराच्या रस्त्यांचाच, नवा, आणि अत्यंत वेगाचा. सराव झाल्यावर मागील सस्पेन्शनच्या भक्कमपणाविषयी संघास शंका आली, आणि 25 फेब्रुवारी रोजी महिंद्रांनी आपल्या दोन्ही मोटारी शर्यतीतून काढून घेतल्या. ‘आब्त कुप्रा’ या जर्मन संघाने महिंद्रांचीच यंत्ररचना विकत घेतली होती. त्याच्याही दोन्ही मोटारी उभ्या राहिल्या.

दक्षिण आफ्रिकेपर्यंत सामान व माणसे नेऊन, जगासमक्ष, आपली मोटार आज पळण्यास योग्य नाही असे सांगणे ही गोष्ट सोपी नव्हे. त्यातून आपल्या भरवशावर राहिलेला ग्राहकही तोंडघशी पडतो. संघाचे प्रमुख फ्रेडरिक बर्त्रां हे नुकतेच त्या जागी आले होते. त्यापूर्वी ते याच शर्यतींचे नियम करणाऱ्या जागतिक संस्थेत या विभागाचे प्रमुख होते. नियम करणाऱ्यास नियमाची दुसरी बाजू इतक्या लवकर पाहावी लागल्याचे उदाहरण विरळाच. आमच्या मते मेक्सिकोच्या तिसऱ्या क्रमांकापेक्षा केपटाऊनची ही माघार अधिक मोलाची होती, कारण शंका असताना चालकास बसविणे हा जुगार ठरला असता, आणि त्यात डावावर लागला असता तो दुसऱ्याचा जीव. पुढील शर्यत महिन्याने, ब्राझीलमध्ये होती; तोवर दुरुस्तीस अवधी मिळाला व संघ पुन्हा मैदानात उतरला. 2024-25 च्या हंगामात तर त्याने संघांमध्ये चौथे स्थान मिळविले.

कोणी विचारील, की चाचणीचे दिवस वाढविले असते तर हा प्रसंग टळला नसता काय? टळलाही असता. पण दिवस मोजके ठेवण्यास कारण आहे, आणि ते पैशाचे. पेट्रोलच्या मोटारींच्या ‘फॉर्म्युला वन’ या थोरल्या शर्यतीत पूर्वी असे बंधन नव्हते. फेरारी कंपनीने तर 1972 पासून फिओरानो येथे स्वतःचा मार्गच बांधून ठेवला होता. ज्याच्यापाशी द्रव्य त्याने रोज मोटार पळवावी, आणि गरिबाने पाहत बसावे. 2009 पासून हंगाम चालू असतानाच्या चाचण्यांवर कडक निर्बंध आले. तेव्हापासून हंगामापूर्वीचे थोडे दिवस हेच काय ते हाती राहतात, आणि त्या दिवसांत मोटारींना जाळीच्या चौकटी बांधून, अंगावर रंगीत द्रव फासून वाऱ्याची दिशा पाहणारे इंजिनिअर दिसतात. वर्तमानपत्रे मात्र फेरीच्या वेळांचे तक्ते छापतात. आमच्या वाचकांनी त्यांवर विश्वास ठेवू नये. दहा किलो इंधन अधिक असले तरी फेरीस सुमारे तीन दशांश सेकंद जास्त लागतात, आणि कोणाच्या टाकीत किती इंधन आहे हे कोणी सांगत नाही.

नियम बदलले की या थोड्या दिवसांवर किती भार पडतो, हे 2022 साली दिसले. मोटारीच्या तळाखालील हवेच्या ओढीने ती रस्त्यास चिकटून राहावी अशी नवी रचना त्या वर्षी आली. फेब्रुवारीत बार्सेलोना येथे मोटारी प्रथम बाहेर पडल्या, तो त्या सरळ रस्त्यावर बेडकासारख्या उसळू लागल्या. वाऱ्याच्या बोगद्यात छोट्या प्रतिकृतीवर ज्यांनी महिनोन्महिने प्रयोग केले होते, त्यांतील बहुतेकांस हे अनपेक्षित होते. चालकांच्या पाठी दुखू लागल्या, आणि जूनमध्ये उसळण्यास मर्यादा घालणारे मापच नियमकर्त्यांस ठरवावे लागले. बहुधा हा धडा स्मरूनच 2026 साठी चाचणीचे दिवस वाढवून देण्यात आले. त्या वर्षीचा बदलही तसाच मोठा: विजेची शक्ती 120 वरून 350 किलोवॉट, मोटारीचे किमान वजन 800 वरून 768 किलो, आणि इंधन खनिज तेलाविना बनविलेले. मागील वर्षी ज्या पूर्वपरीक्षेस तीनच दिवस होते, तिला या वेळी बार्सेलोना व बहरीन मिळून प्रत्येक संघास नऊ दिवस नेमले गेले.

आपणा गृहस्थांच्या मोटारीस असे बंधन नाही, हे भाग्यच म्हणावयाचे. पुण्याची ‘एआरएआय’ ही वाहन-संशोधन संस्था 1966 पासून वाहने तपाशीत आली आहे. धडगावच्या ईशान्येस, नर्मदेपलीकडे, धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’चा 11.3 किलोमीटर लांबीचा वेगाचा मार्ग जून 2021 मध्ये खुला झाला. तेथे कारखानदाराने वाटेल तितके दिवस मोटार पळवावी, मोडावी, पुन्हा बांधावी. त्याचे दिवस कोणी मोजीत नाही.

महिंद्रांपुढे मात्र मोजलेल्या दिवसांचीच परीक्षा पुन्हा आहे. फॉर्म्युला ईच्या चौथ्या पिढीची मोटार 2026-27 च्या हंगामासाठी नेमलेली असून तीत भाग घेण्यासाठी त्यांनी आपले नाव नोंदविले आहे. शक्ती 350 वरून 600 किलोवॉटपर्यंत, चारही चाकांस सदैव जोर, आणि ब्रेक लावताना परत मिळवावयाची वीज 700 किलोवॉटपर्यंत. एवढा ताण मागील सांध्यांवर येणार, तेव्हा पहिल्या चाचणीत इंजिनिअरांच्या नजरा घड्याळाआधी तिकडेच वळतील.