दोन वर्षांची पदवी आणि वकिलाचा मदतनीस

बेळगावच्या कोर्टाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर वकिलांपेक्षा त्यांचे कारकूनच अधिक धावताना दिसतील. कोणत्या दाव्याची तारीख कोणत्या हॉलात आहे, नकलेचा अर्ज कोठे अडला, स्टँप किती लागेल, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. हे काम शिकविणारे कॉलेज आपल्याकडे नाही. एखाद्या जुन्या कारकुनाच्या हाताखाली चार-पाच वर्षे फायली वाहिल्या की माणूस तयार होतो. अमेरिकेत मात्र याच जातीच्या, पण याहून बऱ्याच वरच्या कामासाठी कॉलेजातून दोन वर्षांची पदवी घेता येते. त्या मदतनिसाला तिकडे ‘पॅरालीगल’ म्हणतात.

माझे लक्ष या विषयाकडे गेले ते माझ्या मामेबहिणीमुळे. ती इथलीच बी.कॉम., एलएल.बी. लग्नानंतर कॅलिफोर्नियात गेली. तिथल्या एका कॉलेजात ती चौकशीला गेली, तेव्हा तिथल्या बाईंनी दोन वर्षांच्या पदवीचा फॉर्म तिच्यापुढे सरकविला. “दादा, भरू का?” असे तिने फोनवर विचारले. भर म्हणणे सोपे होते. पण दोन वर्षे आणि डॉलर तिचे जाणार होते, म्हणून आधी थोडे वाचन केले. ते इतर विद्यार्थी मित्रांच्याही उपयोगी पडावे.

पॅरालीगल हा वकील नव्हे. तो अशिलाला कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही, फी ठरवू शकत नाही, अशिलाच्या वतीने कोर्टात उभा राहू शकत नाही. ते केले तर परवान्याशिवाय वकिली केल्याचा ठपका येतो. पण जुने निवाडे शोधणे, दाव्याचा मसुदा तयार करणे, साक्षीदारांच्या हकिगती टिपणे, विरुद्ध पक्षाकडून आलेली हजारो कागदपत्रे चाळून लावणे, ही कामे तो वकिलाच्या देखरेखीखाली करतो. अमेरिकन बार असोसिएशनने या मदतनिसांचा विचार करण्यासाठी १९६८ साली खास समिती नेमली. तेव्हापासून या पेशाला आकार आला.

कॉलेजशिक्षणाला इतके महत्त्व का, याचे एक कारण हिशेबाचे आहे. तिकडचा वकील अशिलाकडून बहुधा तासाच्या दराने पैसे घेतो. कॅन्सस सिटीतील शाळांच्या वर्णभेदविषयक खटल्यातून उद्भवलेल्या ‘मिसूरी विरुद्ध जेन्किन्स’ या प्रकरणात तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८९ साली निर्णय दिला की, प्रतिपक्षाकडून फी वसूल करताना पॅरालीगलचे तासही बाजारभावाने धरता येतील. नुसते टायपिंग किंवा फायली लावण्याचे काम मात्र त्या भावाने धरता येत नाही. म्हणजे मदतनीस खरोखर शिकलेला आहे हे दाखविता आले तर मालकाचाच फायदा.

आता पदवीकडे वळू. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत पॅरालीगल होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. पदवीची अट कायद्यापेक्षा नोकरी देणाऱ्याची असते. बार असोसिएशन मान्यता देते ती अभ्यासक्रमाला, माणसाला नव्हे. जाहिरातींत मात्र ‘मान्यताप्राप्त अभ्यासक्रम’ हे शब्द वारंवार आढळतात. या मान्यतेसाठी एकूण किमान ६० सेमिस्टर-तासांचे शिक्षण लागते. त्यातले कायद्याच्या विषयांचे किती? किमान १८. आणखी किमान १८ सामान्य शिक्षणाचे असतात. इंग्रजी निबंध, इतिहास, गणित असे. बारावीनंतर थेट येणाऱ्या मुलाला ते हवेच. पण ज्याने बी.ए. किंवा बी.कॉम. केले आहे, त्याने हे पुन्हा पैसे भरून का शिकावे?

पदवीधरांसाठी तिथे प्रमाणपत्राचा छोटा अभ्यासक्रम असतो, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच चौकशीच्या टेबलावर आपणहून सांगितली जाईल अशी खात्री नाही. कॅलिफोर्नियाने २००० साली पॅरालीगलची पात्रता कायद्यानेच ठरविली. त्यात अनेक वाटा आहेत: मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र, किंवा कायद्याच्या विषयांची किमान २४ युनिटे असलेला अभ्यासक्रम, किंवा बॅचलर पदवी आणि वकिलाच्या हाताखाली एक वर्षाचा अनुभव, वर त्या वकिलाचा लेखी दाखला. दोन वर्षांच्या पदवीचीच सक्ती कोठेही नाही.

एक खोच मात्र आहे. आपली तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.कॉम. तिकडच्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरायची की नाही, याबद्दल मूल्यमापन करणाऱ्या संस्थांत एकमत नाही. पुढे एलएल.बी. असेल तर बाजू बळकट होते. म्हणून गुणपत्रके नेऊन आधी मूल्यमापन करून घ्यावे, फॉर्म नंतर. पदवीच घ्यायची ठरली तरी इथल्या विषयांची किती सूट मिळेल, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे.

पगाराचे बोलायचे तर तिथल्या श्रमखात्याच्या आकडेवारीप्रमाणे मे २०२४ मध्ये या पेशाचा मध्यम पगार वर्षाला ६१,००० डॉलरच्या आसपास होता. म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी. सरकारी कम्युनिटी कॉलेजची शिकवणी-फी स्थानिक रहिवाशाला सरासरीने वर्षाला चार हजार डॉलरच्या घरात पडते, परदेशी विद्यार्थ्याला कितीतरी पट अधिक. तेव्हा तिथेच वाढलेल्या, बारावी झालेल्या मुलाला हा सौदा वाईट नाही. पण नोकऱ्या फारशा वाढतील असा श्रमखात्याचा अंदाज नाही. कागद चाळण्याचे बरेचसे काम आता संगणक करू लागला आहे, हेही खरे.

इथून तिकडे जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एच-१बी व्हिसा मिळतो तो ज्या कामाला विशिष्ट विषयातील किमान बॅचलर पदवी लागते अशा कामासाठी. पॅरालीगलला दोन वर्षांची पदवी पुरते असे श्रमखातेच सांगते. म्हणून या कामावर तो व्हिसा सहसा नाकारला जातो. ज्या गोष्टीमुळे दार सोपे वाटते, तिनेच ते बंद होते! एच-४ वर गेलेल्या पती वा पत्नीलाही सरसकट नोकरी करता येत नाही. जोडीदाराचे ग्रीनकार्डाचे प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोहोचले असेल तर २०१५ सालच्या नियमाने वेगळा परवाना मिळू शकतो. तो हातात नसताना पदवीवर पैसे घालणे म्हणजे बाजारात तुरी.

बहिणीकडे तो परवाना होता. तिने पदवीचा फॉर्म परत केला, बी.कॉम. आणि एलएल.बी. दोन्हींचे मूल्यमापन करून घेतले आणि संध्याकाळच्या प्रमाणपत्र वर्गात नाव घातले. सध्या ती मृत्युपत्रे आणि वारसाहक्काचे काम पाहणाऱ्या एका छोट्या कचेरीत दुपारपर्यंत बसते. कायदा समजायला जड गेला नाही, म्हणते. आपला करारांचा कायदाही इंग्रजी मुळाचाच. जड गेले ते तिथल्या कोर्टाच्या फॉर्मांचे नंबर पाठ करणे. ते शेवटी तिने कचेरीतल्या जुन्या मदतनीस बाईंच्या शेजारी बसूनच शिकून घेतले.