रात्रीची लक्षणे आणि 'म्हणून' हे अव्यय : मधुमेहाच्या पूर्वखुणांविषयी

'रात्री पाणी फार पितो, म्हणून लघवीला उठावे लागते' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मधुमेहाच्या संदर्भात मात्र त्यातील कार्यकारणभाव बहुधा उलटा असतो. 'म्हणून' या परिणामबोधक अव्ययाने जोडलेल्या वाक्यांचा क्रम फिरविला, की निरुपद्रवी वाटणारी सवय रोगलक्षण ठरू शकते. हा क्रम वेळीच न फिरविल्यामुळे निदान कित्येकदा लांबते. यास्तव या लक्षणांची भाषा व त्यांमागील शरीरव्यापार यांचा एकत्र विचार करणे इष्ट होय.

निरोगी अवस्थेत मूत्रपिंडे गाळलेली सर्व साखर रक्तात परत घेतात. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की ही शक्ती अपुरी पडते. उरलेली साखर मूत्रात उतरते व आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. अर्थात प्रथम मूत्र वाढते, मग शरीर कोरडे पडते आणि त्यानंतर तहान लागते. रात्री दोन-तीन वेळा उठणे आणि घशाला कोरड पडून जाग येणे, ही एकाच साखळीची दोन टोके होत.

आपल्या जुन्या परिभाषेने हा क्रम जपला आहे. 'मेह' हा शब्द 'मिह्' या धातूपासून आला असून मूत्रोत्सर्ग हा त्याचा अर्थ. 'मधु' हे त्याचे विशेषण. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वरूपांत तोंड, टाळू व कंठ यांना पडणारी कोरड, तहान, हातापायांची आग व बधिरता, तसेच मूत्राकडे मुंग्या धावणे यांची गणना आहे. आज आपण 'शुगर झाली' असे म्हणतो. या शब्दयोजनेत मूत्र लोपले आणि साखर तेवढी उरली. परिणामी, गोड न खाणारा मनुष्य स्वतःस सुरक्षित समजतो आणि रात्रीच्या फेऱ्यांचा संबंध या रोगाशी जोडीत नाही.

तळपायांची आग व मुंग्या रात्री अधिक जाणवतात. त्यांना 'उष्णता' म्हटले, की उपाय पायांना तूप चोळण्यापाशीच थांबतो. मुलांच्या बाबतीत शब्दाची चूक अधिक महाग पडते. पुष्कळ दिवस कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर त्यास 'खोड' म्हणू नये. त्यासोबत तहान व वजनातील घट असेल, तर त्याच दिवशी तपासणी करावी. उलट्या, पोटदुखी, जलद श्वास वा गुंगी दिसल्यास रात्रीच रुग्णालय गाठावे.

दरदरून घाम फुटून जाग येणे, भयंकर स्वप्ने, सकाळी डोके जड असणे, ही लक्षणे निराळ्या कोटीतील आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांत ती साखर ७० मिलिग्रॅमखाली गेल्याची खूण असू शकतात. रुग्ण शुद्धीवर असल्यास साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय साहाय्य मिळवावे.

तथापि, लक्षण म्हणजे निदान नव्हे. पुरःस्थ ग्रंथीची वाढ, मूत्रल औषधे, हृदयविकार, झोपेत श्वास अडखळणे, यांमुळेही रात्री उठावे लागते. शिवाय अनेकांत मधुमेह लक्षणांवाचूनच वाढत असतो. निर्णय रक्तपरीक्षेनेच होतो : उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम वा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक आढळल्यास, सामान्यतः दुसऱ्या चाचणीने खात्री करून, मधुमेहाचे निदान करतात. रुग्णाने आपली तक्रार सांगताना किती वेळा उठतो, केव्हापासून, आणि आधी लघवी की आधी तहान, एवढे नेमके सांगावे. 'म्हणून' कोठे घालावयाचे, ते वैद्यास ठरवू द्यावे.