शुगरची गोळी आणि किडनीची भीती

'शुगरच्या गोळ्या कायम खाल्ल्या की किडनी जाते,' हे वाक्य वस्तीत घरोघर ऐकू येते. त्यात सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघाले, की माणूस धास्तावतो आणि गोळीच बंद करतो. बंधू-भगिनींनो, किडनी नासते ती वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने.

मेटफॉर्मिनचेच पाहा. ही स्वस्त गोळी सरकारी दवाखान्यातही मिळते. ती किडनी बिघडवत नाही, लिव्हरही नाही. मात्र ती लघवीवाटे बाहेर पडते. किडनी आधीच थकलेली असेल तर ती अंगात साचते आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. म्हणून रिपोर्टातला ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डॉक्टर सहसा डोस कमी करतात, ३० च्या खाली गेला की गोळी थांबवतात. घोटाळा होतो तो इथेच. किडनी बिघडली म्हणून गोळी थांबवली, आणि शेजारी सांगतात, गोळीने किडनी बिघडली! दारू घेणाऱ्यालाही हा आम्लाचा धोका जास्त, त्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये.

दारूला न शिवलेल्या बाईलाही फॅटी लिव्हर होते. तिच्याकडे संशयाने पाहणे बंद करा. मधुमेह आणि पोटाचा घेर हीच त्याची मोठी कारणे. मेटफॉर्मिनने ही चरबी फारशी हटत नाही. पायोग्लिटाझोनने कमी होते, पण वजन वाढते, पाय सुजतात, आणि हृदय कमजोर असणाऱ्याला ती चालत नाही. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे काढते आणि किडनीचा ऱ्हास लांबवते. २०२० मध्ये तिचे पेटंट संपल्यावर आपल्याकडे किंमत बरीच उतरली. लघवीच्या जागी खाज सुटली तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. उलट्या-जुलाब लागले तर गोळी चालू ठेवायची का, तेही विचारा.

ग्लिबेनक्लामाईड घेणाऱ्या वृद्धांना मात्र जपा. किडनी अधू असेल तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. लगेच साखरपाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.

आणि ज्या गोळ्यांना भ्यायला हवे, त्या आपण बिनधास्त गिळतो. दिवसभर ओझी उचलून आल्यावर दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, रोज, महिनोन्‌महिने! मधुमेह्याच्या किडनीला ती घातक आहे.

वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन, एसजीपीटी आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्या. जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. डॉक्टर बदलला तरी आकडा कुठून कुठे गेला ते त्याला दिसते.