माणदेशाला विचारायचे तीन प्रश्न

माणदेशात दुष्काळ मोजायची साधनं पुष्कळ आहेत. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, पीक पैसेवारीत. ती 50 पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती मिळतात. छावणीतली जनावरं आणि टँकरच्या खेपाही मोजल्या जातात. पण या सगळ्यातून तगलेल्या माणसाचं आयुष्य त्याच्या मर्जीनं चाललंय का, आपल्याला काही जमतं असं त्याला वाटतं का, त्याला जीव लावणारं कुणी आहे का, हे कुठल्या रकान्यात भरायचं? मानसशास्त्रानं त्यासाठीही रकाने आखले आहेत, आणि साताऱ्यातल्या माणपासून सांगलीतल्या आटपाडी-विट्यापर्यंत ते भरून पाहण्याची गरज आहे.

हे काम मुख्यतः एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या रोचेस्टर विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांचं. 1971 साली डेसींनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोडी सोडवण्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांना पैसे दिले, त्यांची पैसे थांबल्यावर कोड्यांतली गोडी कमी झाली. माणूस नुसत्या मोबदल्यावर चालत नाही, हे त्यातून दिसलं. पुढे दोघांनी मांडलं की मनाच्या मूलभूत गरजा तीन आहेत: स्वायत्तता, सक्षमता आणि आपुलकी. यातली एक कमी पडली तर दुसरीच्या भरीनं ती भागत नाही.

मोजणी प्रश्नावलीनं होते. एकूण जगण्यासाठी 21 विधानं, कामाच्या जागेसाठी वेगळी 21 आणि एका विशिष्ट नात्यासाठी 9. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडतं, ते 1 ते 7 मध्ये सांगायचं. काही विधानं मुद्दाम उलटी असतात; त्यांचा आकडा 8 मधून वजा करतात. मग तिन्ही गरजांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या काढतात. हा वेगळेपणा फार मोलाचा आहे. समजा, एखाद्या बाईची आपुलकी 6, सक्षमता 4 आणि स्वायत्तता 2 आली. एकत्र सरासरी 4 येईल आणि सगळं बरं चाललंय असं वाटेल. घरात तिला कुणी काही विचारत नाही, हे त्या 4 मध्ये बुडून जाईल.

स्वायत्तता म्हणजे वेगळं राहणं नव्हे. एकत्र कुटुंबात मनापासून नांदणाऱ्या सुनेची स्वायत्तता भरपूर असू शकते, आणि पुण्यात एकट्यानं खोली घेऊन राहणाऱ्या पण नाइलाजानं तिथं गेलेल्या तरुणाची तोकडी. त्यामुळे ही गरज पाश्चात्त्यांचीच, असं म्हणता येत नाही. 2015 साली बेल्जियम, चीन, अमेरिका आणि पेरू या चार देशांतल्या तरुणांवर 24 विधानांची नवी प्रश्नावली तपासली गेली. गरज भागणं आणि गरजेची कुचंबणा होणं या दोन्ही गोष्टी तिनं वेगवेगळ्या मोजल्या. चारही ठिकाणी तिन्ही गरजांचा मनःस्वास्थ्याशी संबंध आढळला.

माणदेशाला मात्र या गरजांचं मोल प्रश्नावलीच्या कितीतरी आधी उमगलं होतं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच काळात संस्थानातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांचा तिच्यामागे मोठा हात होता. तिथं भिंती नाहीत. कैद्यांनी शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. विश्वास, कसायला जमीन आणि जवळ आपली माणसं, म्हणजे तिन्ही गरजा एकाच जागी. या वसाहतीवरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ 1957 साली आला. कथा याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांची.

कामाचं उदाहरण माण तालुक्यातल्या म्हसवडचं. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यासाठी प्लास्टिकचा कागद घ्यायला पैसे साठवायचे होते. तिची चिमूटभर बचत ठेवून घ्यायला बँका तयार नव्हत्या. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि गावच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. बायकांना लिहितावाचता येत नाही म्हणून पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. कर्ज त्यांना सावकाराकडूनही मिळालं असतं. स्वतःचं खातं, स्वतःचा हिशेब आणि शेजारी आपल्यासारख्याच बाया हे मात्र तिथं मिळालं नसतं.

नात्यांचं मोजमाप मला सगळ्यांत निकडीचं वाटतं. खानापूर-आटपाडीतली कित्येक घरं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. केरळ-तमिळनाडूतल्या दुकानात ज्याच्या हाताला मान आहे, त्याला गावाकडची आई, बायको, मुलं दिवाळीला किंवा जत्रेलाच भेटतात. त्याचा कामाचा आकडा वरचा आणि नात्याचा खालचा असेल, तर एकच ‘सुखी आहात का?’ विचारून काय कळणार? आणि नातीही एकसारखी नसतात. त्याच माणसाचं आईशी, बायकोशी, जोडीदार कारागिराशी असलेलं नातं वेगळ्या तोलाचं निघतं. म्हणून ती 9 विधानं एका वेळी एकाच माणसाबद्दल विचारतात.

ही मोजणी इथले बचत गट, सूतगिरण्या, साखर कारखाने आणि महाविद्यालयं सहज करू शकतील, पण पथ्यं पाळून. विधानं माणदेशी बोलीत, तोंडी वाचून दाखवावीत. 1 ते 7 चे आकडे अवघड वाटले तर सात खडे मांडावेत. सुनेला सासूसमोर आणि ऊसतोड्याला मुकादमासमोर विचारू नये. कामगाराचं उत्तर नावानिशी मालकाच्या हाती जाऊ नये. आणि निकाल आधी ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यापुढे ठेवावा, काय बदलायचं ते त्यांनीच ठरवावं. लोकांना त्यांच्या मर्जीबद्दल विचारून पुढचे निर्णय परस्पर घेतले, तर ती मोजणीच त्यांची कुचंबणा करेल.