आधी यादी, मग डबे

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत ओट्याखालच्या सगळ्या ट्रॉल्या रिकाम्या करून मी सामान जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडलं होतं. साबुदाण्याची तीन पाकिटं निघाली, तिन्ही फोडलेली, तिन्हींना रबरबँड. हिंगाच्या दोन डब्या, मोहरीचे चार पुडे, श्रावणात आणलेली वरी, तिला जाळी धरलेली. बेसनाला कडवट वास येत होता. सासूबाई खुर्चीवर बसून पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एवढा साबुदाणा घरात होता, आणि परवाच तू नवा आणलास."

जुन्या बिलाच्या पाठीवर मी बेरीज केली. आठशे रुपयांच्या वर माल होता आणि त्यातला जवळपास निम्मा टाकावा लागणार होता. त्याच आठवड्यात मी फोनवरच्या सेलमधून पारदर्शक डब्यांचा मोठा संच मागवायला काढला होता. डबे धड नाहीत म्हणून पसारा होतो, असं माझं ठाम मत होतं. डबे धड होते. घरात काय आहे, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर वर्षभर मी आमच्या आणि शेजारपाजारच्या घरांकडे याच नजरेने पाहत आले. कमी पैशांत घर नीट चालवण्याबद्दल आपण काही गोष्टी इतक्या खात्रीने बोलतो, की त्या तपासून पाहायचं सुचतच नाही. त्यातल्या काही इथे तपासून मांडते आहे.

"आधी चांगले डबे आणायला हवेत"

डबा केवढा हवा, हे त्या जिनसाचा महिन्याचा खप सांगतो. तो माहीत नसताना आणलेला संच हमखास चुकतो. रव्याला पाच किलोचा डबा येतो, आणि तांदळाची अर्धी पिशवी पुन्हा रबरबँड लावून कोपऱ्यात राहते. म्हणून आधी एक महिना फक्त लिहून काढा. तूरडाळ किती संपली, साखर किती, तेल किती. आमच्या पाच माणसांच्या घरात पोहे महिन्याला दीड किलो लागतात, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.

खप कळल्यावर घरातलेच डबे पुरले. कॉफीच्या आणि लोणच्याच्या काचेच्या बरण्या धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून मसाल्यांना आणि कडधान्यांना लावल्या. स्टीलच्या डब्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने जिनसाचं नाव आणि आणल्याची तारीख लिहिली. नवं सामान आणलं की जुन्यावर ओतायचं नाही. जुनं वर किंवा पुढे, नवं खाली किंवा मागे. वाण्याच्या दुकानातली माणसं फळीवर माल असाच लावतात. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. जो शेवटचं पाकीट फोडेल, त्याने त्या जिनसाचं नाव कागदावर लिहायचं. किराण्याची यादी त्या कागदावरूनच होते.

या सगळ्यात खर्च चिकटपट्टीचा आणि मार्करचा.

तारखांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. 'बेस्ट बिफोर' आणि 'एक्सपायरी' या दोन तारखा वेगळ्या आहेत. पहिली सांगते की या दिवसापर्यंत पदार्थाची चव आणि प्रत उत्तम राहील. ती उलटली म्हणून बंद पाकिटातला पदार्थ त्याच दिवशी विष होत नाही. वास, रंग, चव पाहून ठरवता येतं. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' उलटली असेल तर मात्र विचार करत बसू नये, टाकून द्यावा.

"घाऊक घेतलं की स्वस्तच पडतं"

बहुतेक वेळा पडतं, पण नेहमी नाही. शांपूच्या छोट्या पुड्या पुष्कळदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलीटरमागे स्वस्त निघतात. बिस्किटं आणि वॉशिंग पावडर यांच्या 'फॅमिली पॅक'चंही कधीकधी तसंच असतं. हे ओळखायला आता गणित करावं लागत नाही. वेष्टनावर एमआरपीच्या जवळ प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति मिलिलीटर दर छापण्याचा नियम झाला आहे. अक्षर बारीक असतं, म्हणून नजर जात नाही. दोन पाकिटं हातात घेऊन फक्त तो आकडा ताडून पाहायचा.

वर्षाच्या धान्याचं प्रकरण मोठं आहे. आमच्या सासूबाई नगर जिल्ह्यातल्या. त्यांच्या माहेरी चैत्र-वैशाखात नवा गहू आला की वर्षाचा भरायचा. अंगणात चार दिवस ऊन, मग कोठीत कडुनिंबाच्या पाल्याचे थर. ते गणित तिथे बरोबर होतं, कारण अंगण होतं, कोरडी हवा होती आणि धान्य घरचं होतं. मुंबई-ठाण्याकडे, कोकणात किंवा गोव्यात जूनपासून हवेत इतका दमटपणा असतो की धान्याचा मुख्य शत्रू तोच ठरतो. धान्यात ओल राहिली की टोके, सोनकिडे आणि बुरशी यांना बाहेरून निमंत्रण लागत नाही. गच्ची नसेल, घट्ट झाकणाची कोठी ठेवायला कोरडा कोपरा नसेल, तर ५० किलो गहू स्वस्तात आणून त्यातला पाचवा हिस्सा किड्यांना घालण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचाच आणावा. रवा, मैदा, बेसन, दाण्याचं कूट महिन्याच्या वर भरूच नये. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून ठेवला की निर्धास्त.

आणि एक कळकळीने सांगायचं आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर घालण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. पारा विषारी आहे आणि बोरिक पावडर खाण्याच्या जिनसांत मिसळायची वस्तू नव्हे. "धुतल्यावर जातं" यावर लहान मुलांच्या घरात भरवसा ठेवू नका. कडक ऊन, कोरडा डबा, घट्ट झाकण, डाळींना एरंडेलाचा हात, एवढ्यावर काम भागतं.

घाऊक दराचा फायदा हवा आणि साठवायला जागा नाही, यावर मुंबईकरांनी पन्नास वर्षांपूर्वीच उपाय काढला. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचं सामान एकत्र मागवते आणि वाटते. संस्था जवळ नसेल तर मजल्यावरच्या चार घरांनीही ते करता येतं. आम्ही गव्हाची एक गोणी आता तिघींत घेतो. तिघींच्याही घरात किड्यांना सवड मिळत नाही.

"काटकसर म्हणजे किराण्यात हात आखडणं"

पैसे कमी पडले की आपला हात पहिला डाळ-तांदळावर जातो. सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीचे आकडे पाहिले तर शहरी घराच्या एकूण खर्चातला ३९ टक्के भाग खाण्यापिण्यावर जातो. त्यात गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी या तृणधान्यांचा वाटा एकूण खर्चाच्या चार टक्क्यांहूनही कमी. पेयं, फराळ आणि बाहेरचे तयार पदार्थ यांचा वाटा मात्र साडेदहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हलका तांदूळ आणून आपण चार टक्क्यांतला कण वाचवतो आणि त्याच्या अडीचपट मोठ्या खर्चाचं नावही घेत नाही.

आमच्या घरखर्चाच्या वहीतही तेच निघालं. स्टेशनवरून येताना घेतलेले समोसे, रात्री आठला मागवलेला पावभाजीचा पार्सल डबा, मुलाची कोल्ड्रिंकं. किराण्याच्या बिलाला लागूनच ही बेरीज उभी होती. ती वाचून कुणावर रागवावं असं मला वाटलं नाही. संध्याकाळी साडेसातला लोकलमधून उतरलेल्या माणसाला घरी पोचून डाळ भिजवायची ताकद नसते. भूक लागलेली असते आणि समोर गरम समोसा असतो. तेव्हा निश्चय करून उपयोग नाही, घरी तासभर आधी काहीतरी तयार असायला हवं.

आम्ही तेवढंच बदललं. सकाळी निघताना डाळ-तांदूळ वेगवेगळ्या भांड्यांत भिजत घालतो. कणीक रात्रीच मळून फ्रीजमध्ये. संध्याकाळी जो पहिला घरी येईल तो कुकर लावतो. खाली बटाटे, मध्ये डाळ, वर भात. भिजलेली डाळ लवकर शिजते आणि एका आचेवर तीन पदार्थ होतात, त्यामुळे गॅसही वाचतो. १४.२ किलोचं सिलिंडर आमच्याकडे आता आठवडाभर जास्त चालतं. रविवारी एकदा चिवडा होतो, तो गुरुवारपर्यंत पुरतो. महिन्यातून दोनदा पावभाजी बाहेरूनच येते, आणि ती सगळे आवडीने खातात.

"दिवे मालवले की बिल उतरतं"

दिवे मालवावेतच. पण ९ वॅटचा एलईडी दिवा सलग १११ तास जळला तर कुठे एक युनिट होतं. १५ लिटरचा गिझर गार पाण्यापासून एकदा पुरता तापायलाच अर्ध्याहून अधिक युनिट खातो. मुलाने बाथरूमचा दिवा चालू ठेवला म्हणून आपण ओरडतो आणि गिझर मात्र सकाळी सहापासून नऊपर्यंत चालू असतो. तो आपोआप बंद होतो हे खरं, पण पाणी निवलं की पुन्हा तापवायलाही लागतो. आंघोळी एकापाठोपाठ उरकल्या की एकदोन तापवण्यांत काम होतं. हा सगळा मामला वेळापत्रकाचा आहे.

पंख्याकडेही तसंच दुर्लक्ष होतं. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा, नवा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा, ३० च्या आसपास. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साधारण १६ युनिटांचा फरक. तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याच्या दराने ते १६ गुणा आणि पंख्याची किंमत किती महिन्यांत निघते ते पाहा. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सर्वांत जास्त चालतो, तेवढा आधी. एसी असेल तर तो २४ वर ठेवावा, कारण दर एका अंशाला सुमारे सहा टक्के वीज वाचते.

आणि ती जुनी धास्ती, की १०० युनिटं ओलांडली की सगळ्याच युनिटांना महाग दर लागतो. महावितरणच्या घरगुती बिलात तसं होत नाही. पहिली १०० पहिल्याच दराने, त्यापुढची युनिटं पुढच्या दराने. बिलाच्या मागे ती फोड छापलेली असते.

"जास्त पावडर, जास्त स्वच्छ"

जास्त पावडरीचा फेस कपड्यांतून निघत नाही, पाणी जास्त लागतं आणि कपडे राठ होतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की नुसते बुडबुडे दिसतात. दोघं एकमेकांचा गुण मारतात, म्हणून वेगवेगळे वापरावेत. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड मात्र कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

"घर हातात ठेवणं बाईला उपजतच जमतं"

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय असं काही काम करणारे पुरुष शंभरांत २६ आणि बायका ८१. पाच तासांची ही कामगिरी उपजत म्हणवत नाही. तिच्यातला एक मोठा भाग तर मिनिटांत मोजलाच जात नाही. दूध कधी कमी घ्यायचं, गॅस कधी लावला होता, मुलाची फी कोणत्या तारखेला, जिरं कोणत्या डब्यात, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात चोवीस तास चालू असतं. बाकीचे मदतीला तयार असतात, पण प्रत्येक मदत "ते कुठे ठेवलंय?" ने सुरू होते.

ही आठवण डोक्यातून भिंतीवर आणायची जागा आपल्या घरांत पहिल्यापासून आहे. १९७३ पासून निघणारं 'कालनिर्णय' कित्येक घरांत तिथीपेक्षा दुधाच्या हिशेबासाठी जास्त पाहिलं जातं. सासूबाईंच्या जुन्या कालनिर्णयांत प्रत्येक चौकोनात काहीतरी आहे. 'दू. १' म्हणजे दूध एकच पिशवी. 'गॅ.' म्हणजे सिलिंडर लावलं तो दिवस. 'इ.' म्हणजे इस्त्रीचे कपडे गेले. मी त्यात नावं वाढवली. मंगळवार, शुक्रवार पिण्याचं पाणी भरणं मुलाकडे. बुधवारी भाजी ह्यांच्याकडे. शनिवारी फ्रीज पुसणं आणि त्यातलं उरलंसुरलं संपवणं माझ्याकडे. डाळी निवडणं सासूबाईंनी स्वतः मागून घेतलं. पहिले दोन महिने चौकोन राहून जायचे, विसरायचे, वादही झाले. मग सवय लागली.

परवा मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस साताऱ्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच न राहवून फोन केला. मुलाने उचलला. कुकर लावला होता, शिट्ट्या मोजत होता. म्हणाला, "आई, दाराच्या कागदावर मी जिरं लिहून ठेवलंय. येताना आणू नकोस, बाबा आणतायत."