तीच क्रॅब नेब्युला पुन्हा पुन्हा का बघायची?

शहापूर-मुरबाडकडून एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींचे मला मेसेज येतात, त्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, ॲस्ट्रोसॅटच्या निरीक्षणांची यादी उघडली तर क्रॅब नेब्युला सारखी दिसते. दुर्बिणीचा वेळ एवढा मोलाचा, मग माहीत असलेलीच वस्तू परत परत का बघता?" प्रश्न रास्त आहे. पीएचडीच्या मुलाखतीत कोणी हाच विचारला आणि तुम्ही "कॅलिब्रेशनसाठी" एवढं म्हणून थांबलात, तर पुढचा प्रश्न येणारच: म्हणजे नक्की काय? ते आज बघू.

आधी थोडी ओळख. ॲस्ट्रोसॅट ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने ती वर गेली. पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटरवर, विषुववृत्ताला जेमतेम ६ अंश कललेल्या कक्षेत. कल मुद्दाम कमी ठेवला आहे, कारण दक्षिण अटलांटिकवर भारित कणांचा जो दाट पट्टा खाली उतरलेला आहे, त्याची फक्त कड लागावी. तिथून जाताना डिटेक्टरांचा उच्च दाब बंद करावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ निरीक्षण नाही. वेधशाळेवर पाच उपकरणं आहेत. त्यांतल्या एसएक्सटी, लॅक्सपीसी आणि सीझेडटीआय या तीन क्ष-किरण उपकरणांच्या घडणीत मुंबईच्या टीआयएफआरचा मोठा वाटा आहे, आणि सीझेडटीआयमध्ये पुण्याच्या आयुकाचाही. मी बोलणार आहे ते मुख्यतः या तिघांबद्दल.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डिटेक्टर ऊर्जा मोजत नाही. क्ष-किरणाचा फोटॉन आत आला की थोडा विद्युतभार सुटतो, त्याचा व्होल्टेज होतो, इलेक्ट्रॉनिक्स त्याला एक चॅनेल नंबर देते. तुमच्या फाइलमध्ये येतो तो हा नंबर. चॅनेल १२० म्हणजे किती किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, हे उपकरणाला ठाऊक नसतं, ते आपण ठरवतो. आणि तापमान बदललं, व्होल्टेज हललं, डिटेक्टर म्हातारा झाला की ते बदलतं.

आपल्याकडे दिवाळीनंतर भात खरेदी केंद्रावर पोती जातात, तिथलं उदाहरण घ्या. पोतं चढवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघायचं. नसेल तर तो पासंग. बीएस्सीला स्क्रू गेजचा झिरो एरर काढायचात, तोच हा. मग वजन आलं की त्यातून बारदान वजा करायचं. आमच्या भाषेत बारदान म्हणजे बॅकग्राउंड: आकाशातून, कणांतून आणि खुद्द उपग्रहाच्या धातूतून येणारी नको असलेली मोजणी. क्ष-किरणांत गंमत अशी की पुष्कळदा भातापेक्षा बारदानच जड असतं. आणि तिसरी तपासणी, २० किलोचं माप ठेवलं तर काटा २० च दाखवतो ना? याला गेन म्हणतात. गावातल्या काट्याला वैधमापनवाले येऊन शिक्का मारतात. ६५० किलोमीटरवर कोण जाणार? म्हणून माप एकतर सोबत पाठवायचं, नाहीतर आकाशात शोधायचं.

सोबत पाठवलेली मापं बघा. एसएक्सटीच्या सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ चे किरणोत्सारी ठिपके आहेत. त्यातून मँगनीजची ५.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा अखंड येत राहते. आज ती रेषा कोणत्या चॅनेलला पडली ते बघायचं, गेन कळला. पण लोह-५५ चं अर्धायुष्य पावणेतीन वर्षांच्या आसपास आहे, त्यामुळे दहा वर्षांत हे ठिपके मूळच्या बाराव्या हिश्शापर्यंत मंद होतात. मग हे माप फुकट गेलं का? नाही. फोटॉन कमी येतात, पण येतो तो प्रत्येक ५.९ चाच असतो. त्यामुळे ऊर्जेचं माप म्हणून तो अजून चालतो. रेषेची जागा तेवढ्याच नेमकेपणाने काढायला जास्त वेळ मोजावं लागतं, इतकंच. तेजस्वितेचं माप म्हणून तो नुसताच वापरला तर मात्र उपकरण आंधळं होत चाललंय असं वाटेल. एकच स्रोत एका प्रश्नाला माप असतो आणि दुसऱ्याला नसतो, हे मुलाखतीत जरूर सांगा.

सीझेडटीआयमध्ये अमेरिशियम-२४१ आहे, अर्धायुष्य ४३२ वर्षं, म्हणजे ती चिंता नाही. इथली युक्ती मला फार आवडते. अमेरिशियममधून ६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनसोबत एक अल्फा कणही सुटतो. तो अल्फा शेजारच्या स्फुरकात पकडला की त्याच क्षणी आलेल्या फोटॉनवर खूण होते: हा घरचा, आकाशातला नव्हे. त्यामुळे माप कायम काट्यावर ठेवूनही पोत्याचं वजन घेता येतं.

लॅक्सपीसीची कथा जरा अवघड. त्यात झेनॉन भरलेले तीन मोठे डिटेक्टर. त्यांतल्या एकातून वायू गळू लागला. वायू विरळ झाला की गेन वाढतो, म्हणजे तोच फोटॉन वरच्या चॅनेलला पडतो. व्होल्टेज कमी करून ते काही काळ सांभाळता येतं. पण दुसरा परिणाम सांभाळता येत नाही: विरळ वायूतून जास्त ऊर्जेचे फोटॉन न अडता आरपार जातात. पासंग दुरुस्त करता येतो, पण काट्यावर न चढलेलं पोतं मोजायचं कसं? मार्च २०१८ मध्ये हा डिटेक्टर बंदच केला. म्हणूनच लॅक्सपीसीच्या डेटासोबत त्या तारखेला लागू असलेली रिस्पॉन्स फाइल वापरायची असते. फाइलच्या नावावरून ती उगाच अंदाजाने निवडायची नसते.

सोबतच्या मापाने ऊर्जा कळते, पण आरसा, गाळणी, डिटेक्टर ही सगळी साखळी मिळून किती फोटॉन पोचवते ते कळत नाही, कारण लोह-५५ चा किरण आरशावरून येतच नाही. त्यासाठी आकाशातली वस्तू लागते, आणि इथे आपली क्रॅब येते. वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी असलेला हा खेकडा तेजोमेघ म्हणजे १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदलेल्या स्फोटाचा अवशेष. क्ष-किरणांत तो इतका तेजस्वी आणि इतका सरळसाधा, की जगभर त्यालाच माप मानून "हा स्रोत अर्धा क्रॅब", "तो १० मिलिक्रॅब" असं बोलतात. अडचण एकच. जूनच्या मध्यावर सूर्य त्याच्या शेजारून जातो आणि दुर्बीण तिकडे वळवता येत नाही. पंचांगात तेव्हा सूर्य मृगात असतो. आपल्याकडे भाताची रोपं टाकायचे दिवस. यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीच्या लोकांनी म्हणूनच ध्रुवताऱ्यापासून चारेक अंशांवरचा एनजीसी १८८ हा तारकागुच्छ हाताशी ठेवला. सूर्य तिथे कधीच जात नाही, त्यामुळे संवेदनशीलता घटतेय का हे वर्षभर कधीही तपासता येतं.

हे सगळं न करता थेट संशोधनाला बसलं तर काय होतं? समजा तुम्ही एसएक्सटीचा एखाद्या तारकायुग्माचा वर्णपट काढलात आणि २.२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला एक ठळक खाच दिसली. शोधच लागला असं वाटेल. पण एसएक्सटीच्या आरशांवर सोन्याचा मुलामा आहे आणि सोन्याची शोषण-कड नेमकी तिथेच आहे. सिलिकॉनची १.८ च्या आसपास. गेन जरासा सरकला की मॉडेलमधली कड आणि डेटातली कड जुळत नाही आणि मधे खोटी खाच उगवते. एसएक्सटी वापरणाऱ्या कित्येक पेपरांत "गेन फिट केला आणि ३ टक्के सिस्टिमॅटिक धरली" असं वाक्य असतं, ते यासाठी. ते वाक्य नुसतं कॉपी करू नका. तुमच्या डेटात किती ऑफसेट आला तो आकडा लिहा, परीक्षक तोच बघतात.

आता घड्याळाकडे येते, कारण ही गोष्ट मुरबाडच्या अगदी शेजारची आहे. माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात उतरलात की नारायणगावाजवळ खोडद लागतं. तिथे जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ तबकड्या. क्रॅबच्या पोटात एक पल्सार आहे, सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा. त्याचे ठोके रेडिओतही येतात आणि क्ष-किरणांतही, जवळजवळ एकाच वेळी. मग सीझेडटीआयचं घड्याळ तपासायला याहून चांगलं काय? खालून खोडद आणि उटीच्या दुर्बिणींनी ऐकायचं, वरून सीझेडटीआयने. दोन्ही वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर आणून ठेवायच्या, रेडिओत वाटेतल्या इलेक्ट्रॉनांनी केलेला उशीर वजा करायचा, आणि ठोके जुळतात का बघायचं.

ते जुळले नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात जीएमआरटी आणि सीझेडटीआय यांच्यात सुमारे ४,७१६ मायक्रोसेकंदांचा फरक निघाला, अनिश्चितता ५० ची. पल्सारची एक फेरी ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे सातव्या हिश्शाएवढी गफलत! इथे थांबून विचार करा, चुकलं कोण? दोनच घड्याळं असतील तर याचं उत्तर मिळत नाही. उटीशी तुलना केली तर फरक २९,६३९ मायक्रोसेकंद, म्हणजे जमिनीवरची दोन घड्याळंही आपसांत जुळत नाहीत. मग फर्मी या अमेरिकी गॅमा-किरण उपग्रहाचा डेटा घेतला. जीएमआरटी आणि फर्मी यांच्यातला फरक निघाला ५,३६८. म्हणजे दोन्ही उपग्रह जीएमआरटीपासून जवळपास सारखेच दूर, आणि त्यांचा आपसातला फरक साडेसहाशे मायक्रोसेकंदांच्या घरात. फरकाचा मोठा हिस्सा जमिनीवरच्या डेटा-साखळीकडे जातो, वरच्या घड्याळाकडे नाही. तिसरा साक्षीदार आला म्हणून हे कळलं. यात कोणाचीही दुर्बीण "वाईट" ठरत नाही. विलंब कायम तेवढाच असेल तर तो एकदा मोजायचा आणि दर वेळी वजा करायचा, झालं.

उटीने त्या काळात क्रॅब जवळजवळ रोज पाहिला, याचं कारणही समजून घ्या. पल्सार हे काही परिपूर्ण घड्याळ नव्हे. तो मधूनच डळमळतो, कधी झटक्यात वेग वाढवतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये तर त्याने त्याच्या नोंदींतला सर्वांत मोठा झटका दिला. मापाचं रोजचं टिपण ठेवलं नाही तर त्याची चूक तुमच्या उपकरणाच्या नावावर लागते.

आणि तेजस्वितेच्या बाबतीतही हे झालंय. क्रॅब स्थिर आहे असं धरून पिढ्यान्‌पिढ्या उपकरणं त्याच्यावर लावली गेली. २०११ मध्ये कोलीन विल्सन-हॉज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की २००८ ते २०१० मध्ये १५ ते ५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात तो सुमारे ७ टक्के मंदावला. एका उपकरणाने हे सांगितलं असतं तर "तुमचा डिटेक्टर तपासा" एवढंच उत्तर मिळालं असतं, आणि ते बरोबरही ठरलं असतं. पण वेगवेगळ्या तंत्राच्या, वेगवेगळ्या उपग्रहांवरच्या चार उपकरणांनी तीच घसरण दाखवली. २० किलोचं मापच झिजलंय, हे चार वेगवेगळे काटे असल्याशिवाय कळत नाही. आज क्रॅब वापरायचा तर त्याच दिवसांत बाकीच्या उपग्रहांना तो कसा दिसला हेही बघायला लागतं, आणि शक्य तिथे एकाच वेळी निरीक्षण ठरवलं जातं. यादीत क्रॅब वारंवार दिसते ती त्यामुळे.

माझं स्पष्ट मत सांगते: या कामाला श्रेय कमी मिळतं आणि ते चुकीचं आहे. कॅलिब्रेशनच्या पेपरवर बातमी होत नाही. पण पीएचडीला गाइड निवडताना त्यांच्या गटात हे काम कोण करतं, ते जरूर विचारा. ज्या गटात सगळे जण "ते सॉफ्टवेअर करतं" असं उत्तर देतात, तिथे जरा सांभाळून.

हात घालून बघायचं असेल तर कोणाच्या परवानगीची गरज नाही. ॲस्ट्रोसॅटचा जुना डेटा इस्रोच्या ॲस्ट्रोब्राउज संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळतो, विश्लेषणाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. लॅक्सपीसी-२० ची क्रॅबची दोन निरीक्षणं घ्या, मधे दोन-तीन वर्षांचं अंतर ठेवून. जूनच्या मधल्या तारखा शोधत बसू नका, मिळणार नाहीत. एक्सस्पेकमध्ये साधा पॉवर लॉ बसवा, घातांक २.१ च्या आसपास यायला हवा. मग मुद्दाम एका निरीक्षणाला दुसऱ्या काळाची रिस्पॉन्स फाइल लावा आणि अवशेष कुठे वर-खाली होतात ते वहीत काढून ठेवा, विशेषतः झेनॉनच्या ३४.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कडेपाशी. हे सॉफ्टवेअर लिनक्सवर बसवताना ज्या ठिकाणी बहुतेक जण अडकतात, ते पुढच्या पोस्टमध्ये लिहिते.